मिरगाआधीचा हिशेब

गेल्या मे महिन्यात मिस्त्रीभाऊंनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आमच्या गावच्या घराचे तीन भाव लिहून दिले. कवेलू उतरवून पुन्हा फेरायची, सडलेले फाटे आणि बांबू बदलायचे, मातीच्या भिंतीचा फुगलेला कोपरा नव्याने उभा करायचा : सत्तर हजार. कवेलू कायमची काढून लोखंडी अँगलवर पत्रा टाकायचा : दीड लाख. सगळं पाडून तेवढ्याच जागेवर स्लॅबचं घर : नऊ लाखांपासून पुढे. 'पुढे' म्हणजे किती, ते लोहा-सिमेंटच्या भावावर.

पत्रिका माझ्या हातात देताना ते म्हणाले, "भाव तं सांगतलो. पन तुमाले राहाचं किती वर्सं हाय इथं? त्याच्यावर हाय सारं."

आम्ही सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठून कोठ्याकडे गेले. गाईला पाणी दाखवायचं राहिलं होतं म्हणे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला आहे. गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण या काठाला अशी कितीतरी गावं आहेत आणि त्यातल्या कुठल्याही ओसरीवर हाच प्रश्न विचारला तर घरचा कर्ता माणूस असाच उठून जाईल. मी नागपूरला राहतो, मोबाइलवर महिन्याच्या खर्चाचं ॲप वापरतो आणि मला वाटायचं की घरदुरुस्तीचं बजेट म्हणजे यादी आणि बेरीज. त्या दिवशी कळलं की बेरजेच्या आधी एक आकडा लागतो, आणि तो आमच्या घराला गेली पस्तीस वर्षं कोणी दिलेला नाही.

हा आकडा कधी होता आणि कुठे हरवला, ते शोधताना जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे.

फेरणे

पुण्या-मुंबईच्या मित्रांना 'कवेलू फेरणे' सांगावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर. आमच्याकडचं देशी कवेलू म्हणजे उभ्या चिरलेल्या नळीसारखं अर्धगोल, मातीचं, भाजलेलं. एक ओळ पोट वर करून ठेवायची, तिच्या दोन्ही काठांवर दुसरी ओळ पोट खाली करून. ना खिळा, ना सिमेंट. प्रत्येक कवेलू आपल्या वजनानं आणि शेजारच्याच्या आधारानं बसलेलं असतं. उन्हाळ्यात त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून मे महिन्यातही आमची सपरी बसण्यासारखी राहते.

पण जे खिळ्यानं धरलेलं नाही ते सरकतं. माकडांची टोळी उड्या मारत जाते, आंबा पडतो, वैशाखातलं वादळ येतं, मांजर उंदरामागे धावतं. भंडाऱ्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एक कवेलू बोटभर सरकलं तरी त्या फटीतून पाणी खालच्या बांबूवर येतं, बांबूवरून फाट्यावर, फाट्यावरून भिंतीच्या माथ्यावर. मातीच्या भिंतीला वरून पाणी चालत नाही. म्हणून दर वर्षी मिरगाच्या आधी माणसं छपरावर चढत, कवेलू काढत, झाडत, फुटकी वेगळी करत, खालचा बांबू ठोकून पाहत आणि पुन्हा रचत. हेच फेरणं. सगळं छप्पर एका वर्षात फेरायची गरज नसे. यंदा सपरी, पुढच्या साली माजघर, त्याच्या पुढच्या साली कोठा.

भिंतींचं वेळापत्रक वेगळं. पावसानं धुपलेल्या भिंतींना धानाच्या तणसाचे तुकडे घातलेली माती लावायची, सारवायचं, पोतेरा द्यायचा, तो दिवाळीच्या आधी. छप्पर मिरगाआधी, भिंत दिवाळीआधी. घराला असे दोन सण होते आणि दोन्ही खर्चाचे होते.

जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या वस्तीला 'पांढरी' म्हणतात आणि शेतीला 'काळी'. शेकडो वर्षं पडत-उभारत राहिलेल्या घरांची माती एकाच जागी साचून वस्तीची जमीन पांढरी होते. पडलेल्या भिंतीचीच माती भिजवून नवी भिंत उभी करायची. दुरुस्ती आणि बांधकाम यांच्यात त्या घरांना फारसा फरकच नव्हता.

आज्याची वही

माझ्या आज्याची लाल कापडी बांधणीची एक वही आमच्याकडे आहे. धान किती झालं, सालगड्याला काय दिलं, कोणाच्या लग्नात काय आहेर केला. दर उन्हाळ्यात तिच्यात एक ओळ येते : 'घर'. त्या ओळीखाली तीन प्रकारचा खर्च आहे. काही धानात : कवेलू फेरणाऱ्याला इतके कुडव, कुंभाराला इतक्या पायल्या. काही दिवसांत : अमक्याचे दोन दिवस, आपले त्याच्याकडे दोन दिवस. आणि काही रोख : चुना, खिळे, सुतळी. रोख सगळ्यात कमी. बांबू आणि लाकडाच्या पुढे बहुतेक वर्षी आकडाच नाही, नुसतं 'आणले' लिहिलंय.

हे 'आणले' समजायला मागे जावं लागतं. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं गेलं. सारा गोळा करणारा माणूस जमिनीचा, तलावाचा, गावच्या रानाचाही धनी झाला. पण रयतेला रानातून घरासाठी लाकूड-बांबू, नांगरासाठी फाटा, चुलीसाठी सरपण, गुरांना चारा घेण्याची जी वहिवाट होती, ती तशीच ठेवावी लागली. तिला 'निस्तार' म्हणत आणि गावाच्या 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात ती लिहिलेली असे. घराच्या छपराचा सगळ्यात महाग भाग, म्हणजे लाकूड, असा रोख हिशेबाच्या बाहेर होता.

इथे 'किती छान होते ते दिवस' म्हणायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मालगुजाराचा वाडा दर वर्षी फेरला जाई तो बहुतेक वेठीवर, म्हणजे ज्यांचं स्वतःचं छप्पर गळत असे त्यांच्या अंगमेहनतीवर. निस्ताराचा हक्क कागदावर सगळ्यांचा, पण रानातून मोळी आणताना कोणाला अडवायचं आणि कोणाकडे काणाडोळा करायचा हे जात पाहून ठरे. आणि आज्याच्या वहीत सारवणाचा, पोतेऱ्याचा, भिंत लिंपण्याचा एकही आकडा नाही. ते काम आजी, आत्या आणि काकू करत. त्यांच्या दिवसांची परतफेड कोणी कोणाला केली नाही, म्हणून ते लिहायचंही कारण पडलं नाही. स्वस्त दुरुस्तीची किंमत अशी कोणीतरी भरतच होतं.

तरी एक गोष्ट त्या वहीत होती, जी माझ्या ॲपमध्ये नाही. घर ही दर वर्षीची ओळ होती. पीक बुडालं त्या वर्षी ती ओळ लहान झाली, पण गाळली नाही. आणि ती लिहिताना 'राहायचं किती वर्षं' हा प्रश्न आज्याला पडलाच नसावा. त्याच्या हिशेबात ते गृहीत होतं.

कोणाचं काम?

मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० चा, अंमल ३१ मार्च १९५१ पासून. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर देखभालीचा एक धागाही तुटला, आणि तो आधी तुटला तलावांच्या बाबतीत.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या मालकीत गेले आणि १९५१ नंतर सरकारच्या. आज सरकारी भाषेत त्यांना 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा' तलाव म्हणतात. पूर्वी पाळ फुटली की गाव फावडी घेऊन जाई, कारण पुढच्या महिन्यात धानाला पाणी त्याच तलावाचं लागे. नंतर पाळ फुटली की अर्ज जाऊ लागला. मालक बदलला, पण दर वर्षी गाळ काढणारा हात कोणाचा, हे नव्या व्यवस्थेत नीट ठरलंच नाही. कित्येक तलाव गाळानं उथळ होत गेले.

घरांचंही हळूहळू तसंच झालं. रान वनखात्याकडे गेलं, 'आणले' म्हणायची सोय संपत गेली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' या व्याख्येत बसवलेला होता, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही कागद लागे. जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून निघाला तो थेट २०१७ मध्ये. गवत आहे हे कायद्याला पटायला नव्वद वर्षं लागली. तोवर आमच्याकडच्या छपरांवर बांबूच्या जागी लोखंडी अँगल चढायला लागले होते.

मंगलोरी कवेलू त्याआधीच आली होती. बाझेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी ती सपाट कवेलू रेल्वेनं देशभर गेली. ती कमी सरकत, म्हणून कमी फेरावी लागत. पण ती रोखीनं घ्यावी लागत. दुरुस्तीच्या हिशेबात धान आणि दिवस कमी होत गेले आणि पैसा वाढत गेला, त्याची ही एक पायरी.

गाव उठणार आहे

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. प्रकल्पाचा मूळ अंदाज होता सुमारे ३७२ कोटी रुपयांचा. जलाशयाला नाव मिळालं इंदिरासागर. त्या दिवसापासून आमच्या काठावरच्या गावांत एक वाक्य राहायला आलं : "गाव उठनार हाय तं घर कायले फेरता?"

यात कोणाची मूर्खता नव्हती. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २४ होतं. मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत, याची त्यात यादी आहे. तिच्यातली सातवी गोष्ट अशी : कलम ४ ची अधिसूचना निघाल्यावर जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय केलेली कोणतीही सुधारणा किंवा तिच्यावरचा खर्च. कारण उघड आहे, लोकांनी मोबदल्यासाठी रातोरात बंगले बांधू नयेत. पण या वाक्यानं फुगलेली भिंत बांधणारा आणि बंगला बांधणारा एकाच रांगेत उभे केले. आणि खुद्द घराचं मूल्य काढताना त्याच्या वयाप्रमाणे घसारा वजा होई. म्हणजे नाही फेरलं तर किंमत उतरणार, फेरलं तर खर्च मोजला जाणार नाही.

बारकाईनं पाहिलं तर अधिसूचनेआधीच्या दुरुस्तीला कायद्याची आडकाठी नव्हती. पण अधिसूचना कोणत्या गावची, कोणत्या गटाची, कधी निघणार, हे ओसरीवर बसलेल्या माणसाला कसं कळणार? संपादन टप्प्याटप्प्यानं, वर्षानुवर्षं चाललं. कुठे गाव पूर्ण बाधित, कुठे अंशतः. आमचं अंशतः : खालच्या आळीची घरं आणि नदीकाठची शेतं गेली, आमची आळी कागदावर राहिली. राहिली, हे कळेपर्यंत मी शाळेतून कॉलेजात गेलो होतो.

१९८४ च्या दुरुस्तीनं त्या कायद्यात एक मुदत आणली होती : जाहीरनाम्यानंतर दोन वर्षांत निवाडा झाला पाहिजे. एका फाइलीला ती मुदत होती. पण पायाभरणी आणि फाइल यांच्यात किती वर्षं जावीत, याला मुदत नव्हती. माणसं त्या मधल्या काळात राहत होती, छपरं त्या मधल्या काळात गळत होती.

आज्याच्या वहीत 'घर' ही ओळ १९८९ नंतर बारीक होत जाते. एका वर्षी 'पत्रा १', एका वर्षी नुसती 'ताडपत्री', मग काहीच नाही. धरणानं वही थांबवली असं म्हणणं सोपं आहे. आजा म्हातारा झाला होता, हेही खरं; बाबांना लिहायची सवय नव्हती, हेही खरं. पण बाबांनी ताडपत्रीवर ताडपत्री घातली, फाटे बदलले नाहीत. मी लहानपणी विचारलं की म्हणत, "पुढच्या साली पाहू."

इकडे धरणाचं स्वतःचं बजेट थांबलं नव्हतं. २००८-०९ मध्ये गोसीखुर्द राष्ट्रीय प्रकल्प झाला. २०१३ मध्ये पुनर्वसनासाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं. आणि २०१६ पर्यंत प्रकल्पाची सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. मूळ अंदाजाच्या जवळपास पन्नासपट. सरकारी भाषेत याला 'सुधारित प्रशासकीय मान्यता' म्हणतात. घराच्या खर्चात अशी मान्यता देणारं कोणी नसतं. तिथे अंदाज चुकला की ताडपत्री येते.

यादीतलं कच्चं घर

मग लोकांनी वाट कशाची पाहिली? घरकुलाची. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनं घेतली. ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये, हप्त्यांनी, किमान २५ चौरस मीटरचं घर, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. या योजनेनं आमच्या तालुक्यातही हजारो डोक्यांवर पक्कं छप्पर आलं, हे नाकारायचं कारण नाही. आयुष्यभर गळक्या घरात राहिलेल्या माणसाला पहिल्या पावसात कोरडं झोपता येणं काय असतं, हे मी माझ्या मावशीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

पण यादी कशी झाली ते पाहा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून ती निघाली. पहिली चाळणी घराची : छप्पर किंवा भिंत पक्की असेल किंवा दोनपेक्षा जास्त खोल्या असतील तर नाव बाहेर. आता समजा, एखाद्यानं त्याआधी पोटाला चिमटा काढून एक भिंत विटांची केली असेल किंवा छपराची नीट दुरुस्ती करून घेतली असेल, तर तो पक्क्या घराचा मालक ठरला. ज्यानं काहीच केलं नाही, किंवा ज्याला करता आलं नाही, तो यादीत. दोघांची गरिबी सारखी असू शकते. फरक एवढाच की एकानं दुरुस्ती केली होती.

शिवाय स्लॅब येताना एक समजूत घेऊन येतो : आता पाहायला नको. आमच्या आळीत स्लॅबला 'एकदाचं काम' म्हणतात. कवेलूचं घर दर वर्षी हाक मारतं. स्लॅब दहा-पंधरा वर्षं गप्प राहतो. मग एके दिवशी छताचा पापुद्रा ताटात पडतो आणि आतला गंजलेला लोहा दिसतो. १ लाख २० हजारात घर पूर्ण करताना लोहा बारीक झालेला असतो, छपाई पातळ झालेली असते, गच्चीचा उतार राहून गेलेला असतो. पाणी साचतं, ओल उतरते. हे होणार हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं. पण घर बांधायला हप्ते असतात. घर टिकवायला हप्ता नसतो. आणि 'एकदाचं काम' म्हटल्यावर घरच्या हिशेबातूनही ती ओळ कायमची गेलेली असते.

३,२०० आणि ९५,१००

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी, २९ ते ३१ तारखांना, वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं होतं, इकडे पाऊस होता, गोसीखुर्दची ३३ दारं उघडली. भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. आमच्या ओसरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. मातीच्या घरांचं मरण पाणी चढताना नसतं. पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर भिंत बसते. आमच्या मागची भिंत तेव्हा फुगली, ती अजून तशीच होती.

नुकसानीचे पंचनामे झाले. आपत्ती मदतीच्या तेव्हाच्या केंद्रीय निकषांत सपाट भागासाठीचे आकडे असे होते : घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये. कच्च्या घराची अंशतः, पण किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर ३,२०० रुपये. १५ टक्क्यांच्या आत असेल तर काही नाही. राज्यं यात आपली भर घालतात, पुढे २०२२ मध्ये हे आकडे वाढलेही. तरी दोन रकमांमधलं अंतर पाहा. ३,२०० रुपयांत एक भिंत नीट उभी राहत नाही. ती उभी राहिली नाही तर दोन-तीन पावसांत घर पडतं. पडलं की ९५,१०० चा प्रश्न येतो, तोही पूर आला असेल तर. आपलं आपण, साध्या पावसात हळूहळू पडलेल्या घराला तोही नाही.

कलम २४, घरकुलाची यादी, पंचनाम्याचा तक्ता. तीन वेगळ्या काळांतले, तीन वेगळ्या हेतूंचे कागद. तिघांनाही घराच्या आयुष्यातले दोनच दिवस दिसतात : बांधलं तो आणि पडलं तो. मधली चाळीस-पन्नास वर्षं, जेव्हा घरात खरं तर माणसं राहतात, ती कुठल्याच रकान्यात नाहीत. आज्याच्या वहीत होती ती तेवढीच.

दहा वर्सं

तर, लग्नपत्रिकेकडे परत.

गावात दोन मतं होती. आमची आळी पुनर्वसनाची मागणी करते आहे : पाणी दर पावसाळ्यात पायरीशी येतं, शेतं गेली, मग आम्हाला का ठेवलं? शेजारचे काका स्पष्ट म्हणाले, "तुमी घर चांगलं केलं तं सायेब म्हनतील, लोकायले इथंच राहाचं हाय." त्यांचं चुकीचं नव्हतं. पस्तीस वर्षांत या काठानं शिकलेला धडाच तो होता, की गळकं छप्पर हा आपला पुरावा आहे. पण त्या पुराव्याखाली माझी आई झोपते.

शेवटी मी बाबांना प्रश्न उलटा करून विचारला. गाव कधी उठेल ते सांगू नका. ते तुमच्या हातात नाही. तुम्हाला इथे किती वर्षं राहायचंय? ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दहा वर्सं धर."

आकडा मिळाल्यावर बेरीज सोपी होती. कवेलू : आता सत्तर हजार, पुढे दर वर्षी फेरायला पाच-सहा हजार, दहा वर्षांचे मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पत्रा : दीड लाख एकदाच, वर उन्हाळ्यात कूलरचं बिल. स्लॅब : नऊ लाख, दहा वर्षांनी भागले तरी वर्षाला नव्वद हजार. आणि जो प्रश्न शहरातल्या कुठल्याही अंदाजपत्रकात नसतो, तो इथे पहिला : उठायची वेळ आलीच तर बरोबर काय नेता येईल? गाव उठताना लोक दारं, चौकटी, फाटे, कवेलू ट्रॅक्टरवर भरतात. पत्राही उतरतो. स्लॅब मागे राहतो.

आम्ही कवेलू ठरवली. कामांच्या तीन याद्या केल्या. ज्यानं पाणी आत येतं ते आधी. ज्यानं घर पडू शकतं ते त्याच्याबरोबर. ज्यानं घर बरं दिसतं ते पुढच्या दिवाळीला. सत्तर हजारांवर एक चतुर्थांश बाजूला ठेवले, कारण मिस्त्रीभाऊंनी बजावलं होतं की नवं घर कागदावर मोजता येतं, जुनं उघडल्यावर बोलतं. ते बोललं. आड्याला आतून उधई लागली होती, बाहेरून धक्का लागला नव्हता. ते लाकूड, त्याची वाहतूक आणि सुताराचे वाढीव दिवस धरून खर्च शहाऐंशी हजारांवर गेला. बाजूला ठेवलेले नसते तर तिथेच ताडपत्री आली असती.

नवी देशी कवेलू मिळाली नाहीत. जवळपास ती घडवणारं आता कोणी नाही. शेजारच्या गावात घरकुलासाठी एक जुनं घर पाडत होते, तिथून शेकड्यानं आणली. आणलेल्या ढिगात काहींवर कुंभाराच्या बोटांचे ठसे तसेच होते. फेरणारे दोघंच, दोघंही साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखाली मी चार दिवस कवेलू पोचवत होतो. लिंपणाची मजुरी दोन बायकांना रोख दिली, आणि ती लिहिलीही.

पहिला पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आम्ही सगळे मान वर करून घरभर फिरलो. माजघर कोरडं, सपरी कोरडी. कोठ्याच्या कोपऱ्यात, जिथे पैसे संपले म्हणून आम्ही हात लावला नव्हता, तिथे टिपूस येत होता. आईनं खाली गंज ठेवलं.

लाल वहीत मागे बरीच कोरी पानं आहेत. बाबांनी चष्मा लावला, मला पेन मागितलं आणि एक ओळ लिहिली : 'घर. पुढच्या साली कोठा.'